काटा

फलज अल कबाइलच्या सिग्नलला
काटा अर्ध्यावरून उठतो,
एकेक रेघ चढतो,
आणि हिरवा दिवा लागून गाडी पळाली
की खाली बसतो, काही झालंच नाही असा.

गाडी अठरा वर्षांची. पाजेरो.
आमच्या आधी एका ओमानी शिक्षकाची,
त्याच्या आधी कुणाची ते कागदावर नाही.
मागच्या सीटच्या कापडात मुरलेली
शार्दूलची एक उलटी, बुरैमीच्या खजुरांचा पाक.
विकायची म्हटलं तर कोण काय देणार.

तीन गॅरेजं झाली.
पहिला म्हणाला रेडिएटर. दुसरा, वॉटर पंप.
तिसऱ्याने बॉनेटही उघडलं नाही,
"मॅडम, हेड गया. इंजिन खोलना पडेगा,"
आणि बघत राहिला माझ्या मागे,
बरोबर कुणी पुरुष आलाय का.

मी सोहारच्या हॉस्पिटलात रक्त तपासते.
एका रीडिंगवर कुणाला आजारी ठरवायचं नाही,
एवढं तरी शिकले.
इराची भूगोलाची उरलेली वही घेतली, रकाने आखले:
वेळ, बाहेरचं तापमान, एसी,
गाडी उभी की धावती, काटा कुठे.
मुकुंद दुक्मच्या साइटवरून हसला,
"अगं, गाडी आहे ती, पेशंट नव्हे."
म्हटलं, पेशंट खोटं बोलतात. ही नाही बोलत.

सकाळी, थंड इंजिनाचं झाकण उघडलं.
कूलंट हिरवं, बुडबुडा नाही.
तेलाची कांडी पुसून बुडवली:
काळं, पण दुधाळ नाही.
हेड शाबूत. तिसऱ्याच्या नावावर काट.

थर्मोस्टॅट काढून आणला, चहाच्या पातेल्यात टाकला.
ब्याऐंशीला उघडला तो,
उकळत्या पाण्यात तिसऱ्या उघडतात तसा, हळूच.
शार्दूल स्टुलावरून म्हणाला, "आई, आता खायचा?"

मग जुलैतला तो शुक्रवार,
वादी जिझ्झीचा चढ, पुढे ट्रकांची रांग,
काटा लालला भिडलेला.
एसी बंद केला, काचा खाली,
आणि या मुलखात कुणी करत नाही ते केलं:
हीटर लावला. पूर्ण.
झरोक्यांतून आधी धूळ आली, मग जळका वास,
मग कुणाच्या तरी लहानपणातला
अरबी अक्षरांचा टॉफीचा कागद.
बाहेर सेहेचाळीस. आतलं लिहायचं राहिलं.
इराने बाटलीतल्या पाण्याने ओढणी भिजवली,
भावाच्या डोक्यावर ठेवली, काही बोलली नाही.
काटा दोन रेघा उतरला.

रात्री वही उघडली.
जिथे जिथे काटा वर, तिथे गाडी उभी
किंवा रांगत.
धावताना वारा काम करतो.
उभी असताना ते कुणी करायचं?
"पंखा फिरतोय की," तिघेही म्हणाले होते.

खाली गेले. गाडी तापवली, बंद केली, किल्ली खिशात,
पंख्याला बोटाने ढकललं.
गरम असताना जड लागायला हवा.
भिरभिऱ्यासारखा गरगरला.
मधल्या चकतीभोवती तेलकट धूळ.
फिरत होता. ओढत नव्हता.

चौथा नूर झमान, पेशावरचा.
वहीतली अक्षरं त्याला येईनात, आकडे वाचले,
बोट फिरवत, पानामागून पान.
"ये किसने लिखा?"
क्लचचे बावीस रियाल घेतले, मजुरीचे नाही.
थर्मोस्टॅट मात्र परत घट्ट केला,
मी ढिला बसवला होता.

आता मासळीबाजाराजवळ लाल दिव्याला
काटा मध्यावर असतो.
फोनवर मुकुंद म्हणाला,
"बघ, मी म्हटलंच होतं, विशेष काही नसणार."
आणि म्हणाला, ईदलाही जमेलसं दिसत नाही.
दिवा अजून लाल होता.
मी काट्याकडे बघत होते.